नकाराआधीचं पाणी

कॉलेजच्या शैक्षणिक कर्ज विभागातल्या बाईंना प्रशिक्षणातली एकच गोष्ट मनापासून पटली होती. “विद्यार्थ्याला नकार देण्याआधी पाणी द्या,” शिकवणारे साहेब म्हणाले होते. “घोटभर पाण्याने माणूस निवतो, आरडाओरडा करत नाही.” सगळ्यांनी एकमेकांना पाणी देत सराव केला, तेव्हा हसून हसून पोट दुखलं होतं. आज टेबलासमोर एक मुलगी बसली, सोबत उन्हातून चालत आलेले वडील. तिचा अर्ज वरूनच नामंजूर झाला होता. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वडिलांनी तो घटाघट रिकामा केला. “बघ, म्हटलं नव्हतं?” ते लेकीला म्हणाले. “चार ऑफिसं पालथी घातली, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. इथे आपलं काम होणार!” मुलगी पहिल्यांदाच हसली. बाईंनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.