रडायचं नाही

वच्छीचा आज बालवर्गाचा पहिला दिवस. पाटीची पूजा झाली होती, वर्गात वाटायला फुटाण्यांची पुरचुंडी बांधून तयार होती. सोडायला आणि आणायला आजोबा जाणार होते. द्वारका लेकीची वेणी घालत होती. नवरा मुंबईला, तो नसताना सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, अशी या घराची रीत. विहीरसुद्धा परसातच. लांज्याहून लग्न होऊन आल्यापासून ती समुद्राची गाज रोज ऐकत होती. समुद्र मात्र तिनं अजून पाहिला नव्हता.

"आई, शाळेच्या दारातून समुद्र दिसतो म्हणे!"

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी बजावलं, "वच्छे, तिथे रडायचं नाही हो! सुर्व्यांच्या पोरीनं असं भोकाड पसरलं, की मास्तरांनी तिच्या आईलाच बोलावून घेतलं. रोज वर्गाच्या दारात बसून असायची बिचारी."

द्वारकाचा हात थांबला.

"रोज?"

"रोज! पोर गप्प राहायला नको?"

"मी नाही रडणार," वच्छी ऐटीत म्हणाली.

द्वारकानं शेवटचा पेड घट्ट ओढला, आणि लेकीच्या कानाशी वाकली.

"रड गो बाय. चांगली मोठ्यांदा रड."