तिसऱ्या कपारीतलं घरटं

नॉनचं लग्न झालं त्याच साली तिच्या बापानं, इद्वलनं, टेकाडावरच्या शेतात घर बांधायचा अर्ज केला. लग्नाच्या जेवणात तो आपल्या धाकट्या भावाशेजारी बसला होता. मटणाचा तुकडा कापता कापता त्यानं विचारलं,

"काय रे मायरिग, तुला जिना चढवतो का अजून? की पायथ्याशीच पथारी टाकतोस?"

"चढवतो की. तुझ्याआधी काही मरत नाही मी, दादा."

सगळे हसले. मायरिगला मात्र ते लागलं. बापाची जमीन सगळी थोरल्याकडे गेली होती. धाकट्यानं जन्म काढला तो भाड्याच्या घरात, ओल धरलेल्या भिंती आणि खड्या जिन्याच्या सोबतीनं.

पुढच्याच आठवड्यात शेताच्या फाटकावर पिवळी नोटीस लागली. बैठं घर, दोन खोल्या, समुद्राकडे एक मोठी खिडकी. मायरिगनं ती दोनदा वाचली. त्याआधी एकदा त्यानं इद्वलला एका शहरी माणसाबरोबर शेतात टेप धरून फिरताना पाहिलं होतं. माणसाची गाडी लांबलचक होती.

दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. दादा उन्हाळी पाहुण्यांना विकणार. गावातली निम्मी घरं तशीच गेली होती. वर्षातले सहा आठवडे दिवे, बाकी कुलपं. शाळा त्यापायीच बंद पडली.

हा किनारा राखीव. त्यावर नजर ठेवायला गावोगावच्या माणसांची एक समिती होती आणि मायरिग तिच्यात एकोणीस वर्षं बसत होता. किती खिडक्या, किती पत्र्याची छपरं त्यानं अडवली होती. आता सख्खा भाऊच.

समितीची चिटणीस एलिनेड घरी पुढच्या बैठकीच्या कागदांचा गठ्ठा द्यायला आली.

"मायरिगकाका, तुमच्या भावाच्या अर्जाचे कागद काढून घेतलेत हं यातून. विषय निघाला की तुम्ही खोलीबाहेर."

"मला शिकवतेस होय? तो नियम मीच आग्रह धरून लावला होता. रक्ताचं नातं असेल तर कागद बघायचा नाही, तोंड उघडायचं नाही."

"म्हणून तर सगळे तुम्हाला मानतात," ती म्हणाली.

ती गेल्यावर मायरिगनं चहा केला आणि तो न पिताच टेबलाशी बसून राहिला. आठ दिवसांपूर्वीच त्यानं समितीला एक पत्र टाकलं होतं. टाइप केलेलं, खाली सही नाही, नुसतं 'एक वाटसरू'. त्या शेताखालच्या कड्यात, कलत्या दगडापासून तिसऱ्या कपारीत, लाल चोचीच्या दुर्मिळ कावळ्यांचं घरटं आहे, बांधकामानं पाखरं उठतील, असं त्यात लिहिलं होतं. घरटं होतं खरं. पण अकरा वर्षांपूर्वीपर्यंत.

बैठक चर्चच्या मागच्या खोलीत भरली. विषय निघाला तसा मायरिग उठला, सर्वांदेखत बाहेर आला आणि चहाच्या भांड्यांपाशी उभा राहिला. कोणीतरी मनुकांचा पाव कापून ठेवला होता. त्यानं एक तुकडा उचलला आणि परत ठेवला.

दार उघडलं. "नामंजूर," एलिनेड हळूच म्हणाली. "पाखरांमुळे. धोका कोण पत्करणार?"

रविवारी प्रार्थनेनंतर लोकांनी त्याचे हात हातात घेतले. सख्ख्या भावाचा अर्ज, पण माणूस एक शब्द बोलला नाही! प्रत्येक शाबासकी त्याला काट्यासारखी टोचली.

हिवाळ्यात इद्वलनं अंथरूण धरलं. छाती. मायरिग जायचं म्हणायचा आणि वळणावरून परत फिरायचा. शेवटी फेब्रुवारी संपता संपता वहिनीचाच निरोप आला.

"आलात एकदाचे, भाऊजी," तेग्वेन म्हणाली. "वाट बघून बघून मान दुखायला लागली त्यांची."

इद्वल उशांना टेकून बसला होता. निम्मा उरला होता.

"बस. गुडघे काय म्हणतात?"

"दादा, मला तुला एक सांगायचंय. त्या घराचं..."

"जाऊ दे ते." इद्वलनं हात हलवला. "समितीनं मला त्या पत्राची नक्कल दिली होती. कलत्या दगडापासून तिसरी कपार. आठवतं तुला? पोरं होतो आपण. कमरेला दोर बांधून मी तुला खाली सोडला होता. आई पुढं किती दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्या कपारीचं आपण कोणालाच सांगितलं नाही, नाही का?"

ती कपार दोनच माणसांना ठाऊक होती.

"पाखरं आहेत ना रे तिथं अजून?" इद्वलनं विचारलं. डोळे भावावरच होते.

आता खरं बोलायचं, मायरिगनं ठरवलं. तोंड उघडलं.

"आहेत," तो म्हणाला.

"मग झालं तर. पाखरांसाठी गेलं, वाया नाही गेलं." इद्वलनं डोळे मिटले. "वहिनीला सांग, तुला पाव दे म्हणावं."

दहा-बारा दिवसांनी एलिनेड एक जाड पाकीट घेऊन आली. तोवर मायरिगच्या दारात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली होती. घरमालकाच्या मुलीनं त्याला ऑगस्टपर्यंतची मुदत दिली होती.

"अर्जदारच राहिला नाही, आता नियम कसला? घरच्यांकडे राहू देत म्हणून आणलं," ती म्हणाली आणि त्याच्या नजरेला नजर न देता निघून गेली.

वरच नकाशा होता. त्यावर त्या टेपवाल्या शहरी माणसाचा शिक्का; तो घरांचे नकाशे काढणारा निघाला. त्याखाली इद्वलच्या हातचा अर्ज, मोठ्या, ठसठशीत अक्षरांत. 'घरात कोण राहणार' या रकान्यात लिहिलं होतं : माझा भाऊ मायरिग. राहतं घर विकलं जाणार आहे असं मालकाकडून मला कळलं, त्याला अजून कळवलेलं नाही. त्याला जिना चढवत नाही, म्हणून बैठं घर. खिडकी समुद्राकडे, त्याला होड्या बघायची सवय आहे. मंजूर होईपर्यंत त्याला सांगू नये, तो मानी आहे.

इद्वल पॅरी वारला तो मार्चच्या पाच तारखेला, मंगळवारी सकाळी.