लिफ्टच्या पुस्तकाची सूची

बाबांनी चाळीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तकांच्या सूची केल्या. कुठला शब्द कोणत्या पानावर आहे, ते मेकॅनिकला चटकन सापडावं, एवढंच ते काम. आता त्यांना माझं नावही आठवत नाही, आणि ते काम मी करते.

त्या दुपारी एका नव्या लिफ्टचं पुस्तक आलं. पाकीट फोडून मी चाळायला घेतलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "ब्रेक."

"बावन्न," शेजारच्या खुर्चीतून बाबा म्हणाले.

बावन्नाव्या पानावर ब्रेकच होता.

"वंगण?"

"एकशे एकोणीस."

तेही बरोबर निघालं. खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण बाबा कित्येक महिन्यांनी माझ्याशी धड बोलत होते, म्हणून मी विचारतच राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "आणि आई?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली.

"दोनशे सहा," ते लगेच म्हणाले. "आणि समोरच्या पानावर तू."

मी दोनशे पाचवर येऊन थांबले. पुढे हात होईना.

बाबांनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"उलट ना, बाळा. ती पलीकडून ढकलतेय."