खिशातला फोन

संघपालच्या खिशात फोन तिसऱ्यांदा थरथरला. त्याने मानही हलवली नाही. फक्त पोह्यातला शेंगदाणा जरा जोरात चावला.

मुलीच्या घरी त्याच्या शेजारीच आई बसली होती. वच्छलाबाईंनी भंडाऱ्याहून निघतानाच बजावलं होतं, "दोन मुली तुह्या फोनपायी गेल्या. माणसं बोलून राहिली अन् तू खाली मुंडकं घालून. आज फोन काढला, तर मी तिथूनच उठून जाईन. मंग राहा बिनलग्नाचा."

संघपाल तेहतीस वर्षांचा झाला होता. त्याला लग्न करायचं होतं, अगदी मनापासून करायचं होतं.

आंधळगावात उतरल्यावर वच्छलाबाईंनी पानठेल्यावर विचारलं होतं, "आज ज्यांच्या घरी मुलगी पाहाले पाहुणे येऊन राहिले, ते रामटेके कुठी राहतात?" पानठेलेवाल्याने बोट दाखवलं. रामटेके गुरुजी दारातच उभे होते. "जय भीम, या. येळेआधीच आले की!"

आता गुरुजींचाही फोन टेबलावर गुरगुरला. त्यांचा हात पुढे गेला. पण पाहुणा आपल्या फोनकडे ढुंकूनही बघत नाही, मग यजमानानं कसं बघावं? त्यांनी फोन पालथा घातला आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली.

रुचिता चहा घेऊन आली. संघपालने तिला बी.एड.चं विचारलं, उत्तर पूर्ण ऐकलं, वर आणखी विचारलं. असं तो पहिल्यांदाच करत होता आणि त्याला चक्क मजा येत होती. तीही मोकळी हसली. पोरगी आवडलीच त्याला.

"फोटोपेक्षा चांगली आहे हो," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुमचा मुलगाही ऐकला त्याच्यापेक्षा उंच निघाला," गुरुजींची बायको म्हणाली.

खिसा थरथरत राहिला, टेबल गुरगुरत राहिलं.

शेवटी गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "दीड घंटा झाला, पोरानं फोनले हात नाही लावला. असा जावई मले कुठी भेटन? आमची पसंती आहे." रुचितानेही होकारार्थी मान हलवली. पेढे वाटून झाले. "आता पाहा बाबू फोन. मीही पाहतो."

संघपालने पाहिलं. सतरा मिस्ड कॉल आणि खाली मेसेज: "पाहुणे, मी देवानंद रामटेके, शाळेमागच्या घरचा. आमची दीपमाला कवाची तयार होऊन बसली आहे. तुमी कुठी राहिले?"

त्याने हळूच मान वर केली. गुरुजी त्याच्याकडेच पाहत होते. त्यांच्या फोनवर मेसेज होता: "गाडी तुमसरलेच बंद पडली. मुलाले घेऊन उद्या येतो."

"कोणाचे होते एवढे मेसेज?" वच्छलाबाईंनी विचारलं.

संघपालने रुचिताकडे पाहिलं. "कंपनीचे."

"माझेही कंपनीचेच," गुरुजी म्हणाले.