छातीचा फोटो

"गळ्यातच बांध," मामा कुजबुजला. "तोंडात धरलीस आणि गिळलीस, तर लग्नाआधी ऑपरेशन."

दवाखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत मामा आणि तरुण पॉलिशवाला उघड्या अंगाने उभे होते. बाहेर बाकांवर कारखान्याची अख्खी पाळी बसली होती. कारखाना दगडाच्या फरश्या कापून घासून चकचकीत करण्याचा, त्या धुळीमुळे वर्षातून एकदा सगळ्यांच्या छातीचे फोटो काढून घ्यावे लागत. फोटो काढणारी होती पॉलिशवाल्याच्या मनातली ती. आणि त्याच्या मुठीत घाम पीत बसलेली, दोऱ्यात ओवलेली अंगठी होती तिच्यासाठी.

बेत त्याने स्वतःच रचला होता. धातू फोटोत पांढराशुभ्र उमटतो, हे त्याला तिनेच कधीतरी चहा पिता पिता सांगितले होते. पडद्यावर बरगड्यांच्या मधोमध अंगठी चमकेल, ती दचकेल, मग हसेल नाहीतर चिडेल. त्यापुढचे मनात आणायची त्याची छाती होत नव्हती.

कारण ती आधी नाही म्हणाली होती, आणि एकदाच नव्हे. "तू आवडत नाहीस असं नाही रे. पण बाबाही दगडातच होते. आईनं अर्धा संसार त्यांचा खोकला ऐकत काढला. तू ते काम सोड, मग बोल." काम सोडायचे तो रोज रात्री ठरवायचा आणि सकाळ झाली की यंत्रापुढे उभा राहायचा. घरात आई, धाकटी बहीण. दुसरे काही येत नव्हते त्याला.

आज पुन्हा नाही म्हणाली, तर ते शेवटचे. हे त्याला तिच्या तोंडून ऐकायची गरज नव्हती.

"अरे, जरा शांतपणे श्वास घे," मामा म्हणाला. मामा कुणाचाच मामा नव्हता, तरी सगळा कारखाना त्याला मामाच म्हणे. "एक जिना चढलास, डोंगर नाही. मघापासून धापा टाकतोयस."

"भीती रे मामा. झोप नाही, जेवण जात नाही. छातीवर कुणी फरशी ठेवल्यासारखं होतंय."

"प्रेम म्हणतात त्याला. माझ्याही छातीवर होती फरशी. लग्न झालं, ती उतरली, आणि तिच्या जागी तुझी मामी बसली."

"पुढचे!" आतून तिची हाक आली.

मामा बूट काढायला वाकला होता. पॉलिशवाल्याने घाईघाईत कशीबशी मानेमागे गाठ मारली, दवाखान्याचा ढगळ अंगरखा डोक्यावरून ओढला आणि देवाचे नाव घेत आत शिरला.

खोली थंडगार होती. ती काचेमागे उभी होती.

"साखळी, लॉकेट, काही आहे का अंगावर?"

"काही नाही," तो म्हणाला. तिच्याशी तो आजवर खोटे बोलला नव्हता.

"छाती पाटीला टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे." कामावर ती त्याला इतरांसारखेच अहोजाहो करायची. "श्वास घ्या. धरून ठेवा."

पाटी बर्फासारखी लागली. अंगठी कुठे टेकते आहे हे कळण्याइतके भान त्याला उरले नव्हते. यंत्र गुरगुरले आणि थांबले.

काचेमागून 'श्वास सोडा' आले नाही.

तो श्वास धरून उभा. धरवेना, तेव्हा खोकल्याची उबळ येऊन श्वास आपोआप सुटला.

"पुन्हा एकदा काढते." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हललात तुम्ही."

तो हलला नव्हता. दिसली, त्याच्या मनात आले. दिसली आणि खरी वाटत नाहीये तिला! देवा, एवढी वेळ सांभाळ, पुन्हा काही मागणार नाही.

दुसरा फोटो झाला. मग दार उघडले आणि ती बाहेर आली. ती कधीच बाहेर यायची नाही, आतूनच पुढच्याला हाक मारायची. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पॉलिशवाल्याने एक वाक्य पाठ करून ठेवले होते, त्यातला एक शब्द आठवेना.

"आपण लग्न करू या," ती म्हणाली.

"तू... रागावली नाहीस?"

"तुझ्यावर कशाला रागावू?"

"पण काम सोडायचं राहिलंय अजून. मी सोडणार आहे, खरंच..."

"राहू दे आता ते. लवकर करू. तुझ्या आईला आजच सांगू."

"आजच? अगं, माझ्यापेक्षा तुलाच घाई!"

ती हसली नाही. पुढे झाली आणि बाहेर पाळीची माणसे बसली आहेत याची पर्वा न करता तिने त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ ती तशीच राहिली. आत ढोल वाजत असणार, त्याला वाटले. ऐकू दे. तिच्यासाठीच वाजतोय.

"फोटो डॉक्टरांना दाखवून येते," ती डोळे पुसत म्हणाली. "कपडे घाल आणि बाहेर थांब. कुठं जाऊ नकोस."

"आता कुठं जातोय मी?"

तो खोलीत परतला तो जणू तरंगतच. कित्येक दिवसांची भीती अंगावरून धुऊन निघाली होती. मामाला मिठी मारावी, अख्ख्या पाळीला ओरडून सांगावे. बाकाखाली वाकलेला मामा कण्हत उठला.

"गधड्या, गाठ तरी धड मारायचीस! तुला हाक मारणार, तोवर आतलं दार लागलं," तो वैतागून म्हणाला, आणि त्याने धुळीतून उचललेली, दोऱ्यासकट लोंबणारी अंगठी पॉलिशवाल्याच्या तळहातावर ठेवली.