काचेखालची बारव

बाहेर ऊन रणरणत होतं. राजेश्वरीच्या मागे दार लागलं आणि रात्र झाली.

जळकोटजवळ हायवेला लागून असलेल्या त्या डिस्कोला एकही खिडकी नव्हती. छताला आरशाच्या तुकड्यांचा गोळा फिरत होता आणि त्याचे ठिपके तिच्या अंगावरून पाण्यासारखे वाहत होते. ईट गावातल्या घरात गोधडीत तोंड खुपसून तिनं या जागेचे व्हिडिओ पाहिले होते. आज कॉम्प्युटरची परीक्षा आहे असं आईला सांगून ती निघाली होती. दारावरच्या शंभुलिंगनं तिचा फोन घेऊन टोपलीत टाकला. टोपलीत आणखी फोन होते, सगळे धुळीनं भरलेले.

तिथं नाचणाऱ्या सहा मुलींनी तिला हातोहात सजवलं. मुंडावळ्यांसारख्या झुलणाऱ्या चंदेरी झालरींचा झगा घातला. त्यांच्यातली थोरली श्रावस्ती. तिनं काजळ घातलं. तिची बोटं गार होती. आरशात राजेश्वरीनं स्वतःला ओळखलं नाही, आणि तिला फार आनंद झाला.

"झ्याक," मालक कृष्णराज म्हणाला. "पण राजेश्वरी नाव इथं चालायचं न्हाय. लग्नपत्रिकेतलं वाटतंय. आजपासून तू जिया."

"घरी मला राजू म्हणतात."

"ते घरी."

नाचायची जागा काचेची होती आणि काचेखाली बारव होती. जुनी, दगडी, पायऱ्या खाली अंधारात उतरलेल्या. हिच्या पाण्यात डाळ लवकर शिजते म्हणून एकेकाळी लांबलांबच्या वस्त्यांवरून बायका घागरी घेऊन यायच्या. काठाच्या दगडांवर दोरानं पडलेले चर अजून तसेच होते. आता पाण्यात निळे-जांभळे दिवे सोडले होते.

"जिया!" गाणी लावणाऱ्या कुलदीपनं माइकवरून हाक दिली.

तिनं काचेखालच्या पाण्याकडे पाहिलं.

"जिया!"

ती जागची हलली नाही. तिसऱ्या हाकेला म्हणाली, "ओ."

कुलदीप हसत सुटला. "महाराणीला तीन हाका लागत्यात व्हय?"

"आईनं लावलेली सवय आहे," ती लाजून म्हणाली. "पाण्याजवळ पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाय. दुसरीला बी न्हाय. पाण्यातलं जे असतंय ते दोनच हाका मारतंय. तिसरी असली तर माणसाची."

सहा मुलींपैकी कुणी हसलं नाही. श्रावस्ती खाली वाकून पायातला पट्टा आवळत राहिली, आवळलेलाच.

गाणं सुरू झालं आणि राजेश्वरी नाचली. गल्लीतल्या वरातीत, दोन घरांच्या मधल्या बोळात जे अंग चोरून नाचायचं ते आता मोकळं झालं. कृष्णराज खुर्चीतून उठून उभा राहिला. "हिलाच घ्यायची," तो म्हणाला. "पोरी, मागं खोली हाय, जेवण हाय. ऱ्हातीस का सांग. न्हायतर बस हाय चारला."

तिला राहायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात काचेखालून हाक आली.

"राजू!"

माइक टेबलावर पडला होता. कुलदीप चहा पीत होता.

"राजू, ए राजू!"

परसातून आई मारते तशीच, शेवटी ओढलेली. राजेश्वरीनं हातानं तोंड दाबून धरलं. दोन झाल्या, तिनं मनात म्हटलं. आता यायची नाही.

"राजू गं!"

तिसरी आली. तिनं तोंडावरचा हात काढला, आणि ती बोलायच्या आत खालून कुणीतरी म्हणालं, "ओ, आले!"

आवाज तिचाच होता.

ती धावत दाराशी गेली. टोपलीतून फोन घेऊन तिनं घरी लावला. दोन रिंगनंतर आईनं उचलला.

"आई!"

"कोन?"

"आई, मी राजू."

आई हसली. "आगं बाई, फोन घावला व्हय तुला? लई बरं झालं. आत्ताच म्हनत हुती पोरगी, बसमधी पडला म्हनून. कोन गं तू? कुठली?"

"आई, मीच हाय गं. राजू."

"चेष्टा करतीस व्हय! राजू ही काय इथं. परीक्षा देऊन आली, घागर घेऊन परसात गेली. घसा फुटूस्तोवर हाका मारल्या, तवा तिसरीला ओ दिली बयानं." मग आई फोनपासून तोंड वळवून म्हणाली, "राजू, तुझा फोन घावला बघ!"

लांबून, घागर खाली ठेवल्याच्या आवाजामागून, राजेश्वरीचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे गं आई. त्या बाईलाच ऱ्हाऊ दे."

फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

शंभुलिंगनं दार थोडं उघडून धरलं होतं. फटीतून उन्हाची रेघ आत आली होती आणि हायवेवरून एसटी जाताना दिसत होती. तिला कुणी अडवत नव्हतं. जायचं कुठं, तेवढंच तिला आठवत नव्हतं.

श्रावस्ती जवळ आली. तिनं तिच्या हातातून फोन घेतला, हळूच टोपलीत ठेवला आणि झग्याची मुडपलेली झालर नीट केली.

"रडू नको, काजळ पसरंल," ती म्हणाली. "आमच्या बी घरी हाय एकेक. चांगल्या सांभाळत्यात आईला."

मागे गाणं सुरू झालं. शंभुलिंगनं दार लावून घेतलं.

"जिया!" कुलदीपनं हाक दिली. एकच.

"ओ," ती म्हणाली.