काज आणि बटण

शिंप्याच्या चार वर्षांच्या लेकीचा ताबा कोर्टाने आईला दिला होता, आणि आई आजच तिला घेऊन दूरच्या शहरात राहायला निघाली होती. दुकानासमोर मामाची गाडी उभी होती. शिंपी मात्र लेकीला मांडीवर घेऊन, स्वतः शिवलेल्या कोटाची बटणं लावायला शिकवत बसला होता. “हे काज म्हणजे बटणाचं दार. अंगठ्याने आत ढकल, पलीकडून चिमटीत ओढ.” बटण पुन्हापुन्हा निसटत होतं. “दाजी, आटपा आता,” मामा दारातून म्हणाला. “माझ्याकडून एवढं तरी शिकू दे रे, पाया पडतो तुझ्या.” तेवढ्यात शेवटचं बटण काजात बसलं. “जमलं की गं माझ्या बाळाला!” शिंप्याला हुंदका आवरेना. मामाने तिला उचलायला हात पुढे केले. लेकीने भराभर सगळी बटणं सोडून टाकली. “बाबा, मला नाही येत.”